पाण्यांतली म्हैस : न पाहतां घेतलेली जुनी मोटार

चाकणच्या जनावरांच्या बाजारांत बैल घ्यावयास आलेला शेतकरी प्रथम त्याचे दांत पाहतो, मग त्याला चालवून पाहतो आणि सर्वांत शेवटीं पैशाला हात घालतो. 'पाण्यांत म्हैस आणि वर मोल' असा व्यवहार करणाऱ्यास आपल्याकडे कोणी शहाणा म्हणत नाहीं. परंतु त्याच चाकणच्या आणि शेजारच्या पिंपरी-चिंचवडच्या टापूंतील सुशिक्षित कुटुंबें आज जुनी मोटार मात्र मोबाइलच्या पडद्यावरील चार छायाचित्रांवरून पसंत करितात, आणि गाडी दारांत येण्यापूर्वींच इसाराची रक्कम पाठवून मोकळीं होतात.

हा टापू मोटारींचें माहेरघर आहे. टाटांची 'इंडिका' १९९८ च्या अखेरीस बाजारांत आली ती पिंपरीहून. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना २००९ मध्यें सुरू झाला. अशा कारखान्यांतून गाडी बाहेर पडते ती ब्रेक, दिवे, इंजिन यांची परीक्षा होऊन व पाण्याच्या फवाऱ्याखालून जाऊन. म्हणूनच नवी गाडी चित्रावरून निवडली तरी फारसें बिघडत नाहीं. एकाच जातीचे दोन नवे नग सारखेच असतात. जुन्या गाडीचें तसें नाहीं. ती कोणी चालविली, कोठें आपटली, कोणत्या पाण्यांत उभी राहिली, यावर तिची खरी किंमत ठरते. आणि यांतली एकही गोष्ट चित्रांत उमटत नाहीं.

पहिला धोका माणसाचा. लष्करांतील जवान असल्याची बतावणी करून, बदली झाल्यामुळें गाडी तांतडीनें विकावयाची आहे असें सांगणाऱ्या ठकांचीं प्रकरणें गेल्या कांहीं वर्षांत देशभर उघडकीस आलीं. किंमत बाजाराहून पुष्कळ कमी, ओळखपत्राचें चित्र तयार, गणवेशांतील छायाचित्रही तयार. प्रथम वाहतुकीचा खर्च, मग विमा, मग परत मिळणारी अनामत, अशा हप्त्यांनीं पैसे उकळले जातात. गाडी मुळांतच नसते. कधीं 'पैसे परत करितों' म्हणून क्यूआर कोड पाठविला जातो. येथें एक नियम घरांतील प्रत्येकानें ध्यानांत ठेवावा : यूपीआयवर पैसे घेण्यासाठीं पिन लागत नाहीं, पिन लागतो तो देण्यासाठींच.

दुसरा धोका गाडीचा. सप्टेंबर २०१९ आणि जुलै २०२४ मधील पुरांत पुण्याच्या कित्येक वस्त्यांतील गाड्या पाण्याखालीं गेल्या. बुडालेली गाडी धुऊन पुसून चकचकीत करितां येते. पण तारांच्या जोडांत शिरलेली ओल महिन्यांनीं आपला गुण दाखविते. आसनाचा पट्टा पूर्ण ओढून पाहिला तर त्याच्या टोकाशीं चिखलाची रेघ सांपडते; गालिचा उचलला तर गंज दिसतो, कुबट वास येतो. तसेंच, धांवलेल्या किलोमीटरांचा आंकडा मागें फिरवितां येतो. त्याचा पडताळा कंपनीच्या सर्व्हिसच्या तारीखवार नोंदींवरून घ्यावा. ही परीक्षा डोळे, नाक व हात यांची आहे.

तिसरा धोका कागदाचा, आणि सुशिक्षित ग्राहक येथेंच अधिक फसतो. गाडीवर बँकेचें कर्ज असेल तर तो बोजा आरसीवर नोंदलेला असतो. बँकेचें ना-हरकत पत्र व नमुना ३५ यांवांचून तो उतरत नाहीं. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चासीस क्रमांक आरसीशीं अक्षरशः जुळला पाहिजे. परप्रांतांतील स्वस्त गाडीस आणखी एक पेंच असतो. २०१५ मध्यें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें दिल्ली परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदी केली, तेव्हांपासून तिकडील गाडी स्वस्त कां, याचें उत्तर अनेकदां तेथेंच मिळतें. तिला तेथील कार्यालयाचें ना-हरकत प्रमाणपत्र लागतें, आणि येथील कर भरून नवा क्रमांक घ्यावा लागतो. हा खर्च जाहिरातींत नसतो.

नांव बदलण्याची हयगय विकणाऱ्यालाही भोंवते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें राज्यांतल्या राज्यांत गाडी विकणाऱ्यानें चौदा दिवसांच्या आंत नोंदणी कार्यालयास कळविलें पाहिजे. त्यासाठीं नमुना २९ व ३० आहेत. २०१८ मध्यें सर्वोच्च न्यायालयापुढें आलेल्या एका प्रकरणांत गाडी हातोहात अनेकांना विकली गेली होती. तथापि दप्तरांत नांव मूळ मालकाचेंच राहिलें होतें, म्हणून अपघाताच्या भरपाईची जबाबदारी न्यायालयानें त्याच्यावरच ठेविली. गाडी दारांतून गेली म्हणजे जबाबदारी गेली, असें नव्हे.

कायदा ग्राहकास अगदींच वाऱ्यावर सोडत नाहीं. १९३० च्या मालविक्री कायद्यानें, आधीं न पाहिलेला माल हातीं आल्यावर तपासून पाहण्याचा हक्क दिला आहे. वर्णनाशीं न जुळणारा माल नाकारतां येतो. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना नोंदणी कार्यालयाकडून अधिकारपत्र घेण्याचा नियमही लागू झाला. परंतु हक्क बजावण्यास समोर माणूस लागतो. ज्याचें नांव खोटें, दूरध्वनी बंद व पत्ता नाहीं, त्याच्यावर फिर्याद तरी कोठें बजावणार?

म्हणून ऑनलाइन जाहिरात शोधापुरती वापरावी, सौद्यापुरती नव्हे. विकणाऱ्याच्या राहत्या घरीं दिवसाउजेडीं जावें. ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्यावा. इंजिन थंड असतांनाच सुरू करून पाहावें, आणि चढावर, खाचखळग्यांतून गाडी चालवावी. नोंदणी, विमा व बोजा यांची माहिती सरकारी परिवहन सेवेवर स्वतः पाहावी. विकणाऱ्यानें पाठविलेल्या चित्रावर विसंबूं नये. पैसे सर्वांत शेवटीं, नोंदणीकृत मालकाच्याच खात्यांत द्यावे, आणि मग विम्यावरील नांवही चौदा दिवसांत बदलून घ्यावें. फसवणूक झालीच तर लाजेनें गप्प न बसतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. पहिल्या कांहीं तासांत रक्कम वाटेंतच अडविण्याची शक्यता असते, उशीर झाला कीं ती खात्यांखात्यांतून पसार होते.

कारखान्यांत पाळी करून सांठविलेल्या पैशांतून कुटुंबाची पहिली गाडी येते. ती चार दिवस उशिरा आली तरी कोणाचें कांहीं अडत नाहीं.