घरगुती नेब्युलायझरची स्वच्छता, जंतुनाशन व शुष्कीकरण

विषयप्रवेश

दमा, दीर्घकालीन श्वासनलिकादाह व फुप्फुसांचे तत्सम विकार यांवर औषध देण्याचे नेब्युलायझर हे साधन एके काळी रुग्णालयाच्या चार भिंतींतच वावरत असे. आज ते असंख्य घरांत मिक्सर व इस्त्री यांच्या जोडीला येऊन बसले आहे. साधन घरी आले, परंतु त्याची निगा राखण्याची रुग्णालयातील शिस्त त्याच्याबरोबर आली नाही. रुग्णालयात हे काम शिक्षित परिचारिकेकडे असते. घरी ते रुग्णाची आई, पत्नी किंवा स्वतः रुग्ण करतो, आणि त्यासाठी त्याच्या हाती बहुधा यंत्राबरोबर आलेली, बारीक अक्षरांतील एक पुस्तिका एवढेच मार्गदर्शन असते.

या विषयाकडे पाहताना ‘जंतू कशाने मारावेत?’ हाच प्रश्न सामान्यतः प्रथम विचारला जातो. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, हा प्रश्न अपुरा आहे. जंतुनाशनाच्या क्षणी किती जंतू मेले याला रुग्णाच्या दृष्टीने महत्त्व नाही. पुढील वापराच्या क्षणी यंत्रात किती जंतू जिवंत आहेत, याला आहे. या दोन क्षणांच्या मधल्या काळात काय घडते, त्यावर सर्व श्रमांचे यशापयश अवलंबून असते.

तुषारकणांचे आकारमान

घरांत अधिक प्रचलित असलेल्या प्रकारात दाबयंत्रातून येणारी हवा एका अरुंद छिद्रातून वेगाने बाहेर पडते. तेथे दाब घटल्यामुळे पेल्यातील औषध वर ओढले जाते व त्याचे बारीक कणांत विखंडन होते. समोरच्या अडथळ्यावर आदळून मोठे कण पेल्यात परत पडतात आणि लहान कण हवेबरोबर मुखपट्टाकडे जातात. साधारणतः १ ते ५ मायक्रॉन व्यासाचे कण लहान श्वासनलिकांपर्यंत पोहोचू शकतात. त्याहून मोठे कण बहुतांशी घशात व मोठ्या नलिकांत अडकतात.

आता जंतूंची मापे पाहावीत. स्यूडोमोनास एरुजिनोसा या दंडाकृती जंतूची जाडी एका मायक्रॉनहून कमी व लांबी सुमारे दीड ते तीन मायक्रॉन असते. म्हणजे औषध वाहून नेण्यास योग्य असलेला तुषारकण जंतू वाहून नेण्यासही योग्य असतो. नाकातील केस, श्लेष्मा व श्वासमार्गातील पक्ष्माभिका ही शरीराची नैसर्गिक संरक्षणफळी ओलांडून औषध आत पोहोचावे, म्हणूनच हे यंत्र योजिलेले आहे. ते ज्या मार्गाने औषध नेते, त्याच मार्गाने पेल्यातील सर्व काही नेते. त्यात भर अशी की, औषध घेऊन झाल्यावरही पेल्यात थोडा द्रव शिल्लक राहतोच. हा उरलेला द्रव व त्यात मिसळलेली लाळ यांपासून जंतूंच्या वाढीस पुरेशी सामग्री तयार होते. औषधात मिसळले जाणारे ०.९ टक्के लवणजल जंतूंना मारीत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

इतिहासाची साक्ष

ही भीती केवळ तार्किक नाही. अमेरिकेतील डॅलस येथे राइनार्झ, पिअर्स, सॅनफर्ड प्रभृती संशोधकांनी १९६५ व १९६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असे दाखविले की, रुग्णालयांतील श्वसनोपचाराची तुषारयंत्रे ग्रॅम-ऋण जंतूंनी दूषित असतात व ते जंतू तुषारांबरोबर बाहेर पडतात. त्यांनी ०.२५ टक्के ॲसेटिक ॲसिडचे तुषार यंत्रातून सोडून ते शुद्ध करण्याची पद्धती अवलंबिली. आणि अशा दक्षतेनंतर ऊतकनाश करणाऱ्या न्यूमोनियाचे प्रमाण घटल्याचे त्याच गटाने १९७० मध्ये नमूद केले.

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अन्वेषणात रुग्णालयातील लिजिओनेअर रोगाचा संबंध औषधी नेब्युलायझर नळाच्या पाण्याने विसळण्याशी जोडला गेला. १९९६ मध्ये ब्रिटनमधील एका पाहणीत सिस्टिक फायब्रोसिस झालेल्या रुग्णांच्या घरगुती नेब्युलायझरांत बर्खोल्डेरिया सेपेशिया व इतर ग्रॅम-ऋण जंतू आढळले. हे जंतू कोलिस्टिन या प्रतिजैविकास न जुमानणारे होते. डॅलसचे यंत्र रुग्णालयातील, तर ब्रिटनचे घरातील. दोहोंत साम्य एवढेच की, ओलावा व वेळ या दोन गोष्टी जंतूंना मिळाल्या.

तीन क्रिया व त्यांचा क्रम

अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अर्ल स्पॉल्डिंग यांनी वैद्यकीय उपकरणांची जी त्रिविध वर्गवारी रूढ केली, तीनुसार श्लेष्मकलेशी संबंध येणारी श्वसनोपचाराची साधने मधल्या वर्गात पडतात. बीजाणूंसह सर्व सूक्ष्मजीवांचा नाश, म्हणजे निर्जंतुकीकरण, त्यांच्यासाठी अनिवार्य नसले, तरी रोगकारक जंतूंचा परिणामकारक नाश, म्हणजे जंतुनाशन, आवश्यक असते. आपल्याकडे हे दोन शब्द सैलपणे एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्यांतील भेद विद्यार्थ्यांनी कटाक्षाने पाळावा.

या दोहोंच्याही आधी येते ती स्वच्छता. साबणाने धुतल्याने जंतू मरतातच असे नाही. ते व त्यांना आश्रय देणारा मळ पृष्ठभागावरून सुटून जातो. लाळेचा व औषधाचा थर तसाच राहू दिला, तर जंतू त्यात बायोफिल्म नावाचा चिकट पापुद्रा निर्माण करतात आणि त्याखाली ते जंतुनाशकापासून बऱ्याच अंशी सुरक्षित राहतात. म्हणून धुतल्यावाचून केलेले जंतुनाशन विश्वसनीय नसते.

व्यवहारात याचा अर्थ असा. प्रत्येक वापरानंतर उरलेले औषध टाकून द्यावे. पेला, मुखपट्ट अथवा तोंडनळी हे भाग सुटे करावेत व भांडी धुण्याच्या द्रव साबणाने कोमट पाण्यात लगेच धुवावेत. त्यासाठी वेगळे पातेले व वेगळा लहान ब्रश असावा. मोरीवरील घासणी वापरू नये, कारण ती स्वतःच जंतूंचे आगर असते. जंतुनाशन दिवसातून निदान एकदा करणे इष्ट होय. सिस्टिक फायब्रोसिसच्या अथवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रुग्णांच्या बाबतीत ते प्रत्येक वापरानंतर करावे.

जंतुनाशनाच्या पद्धती

उष्णता ही सर्वांत भरवशाची पद्धती. उकळण्यास चालतील असे भाग पूर्ण बुडतील एवढ्या पाण्यात घालून, खळखळ उकळी आल्यापासून ५ मिनिटे उकळावेत. पातेल्याच्या बुडाशी स्वच्छ फडके घातल्यास तापलेल्या धातूचा स्पर्श होऊन प्लॅस्टिक वाकडे होत नाही. समुद्रसपाटीपासून उंचीवर पाणी कमी तपमानास उकळते. पुण्यास ते सुमारे ९८ अंश, तर महाबळेश्वरास सुमारे ९५ अंश सेल्सिअसला उकळते. त्यामुळे तेथे ही पद्धती निकामी ठरते काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. परंतु ७० अंशांचे तपमान ३० मिनिटे राखणारे बशा धुण्याचे यंत्रही या कामी ग्राह्य धरले जाते, हे लक्षात घेता आपल्या गिरिस्थानांवरील उकळते पाणी बीजाणुविरहित जंतूंना पुरेसे मारक आहे. मऊ प्लॅस्टिकचे मुखपट्ट व नळी मात्र सामान्यतः उकळू नयेत. तद्वतच सूक्ष्म छिद्रांची जाळी असलेल्या नव्या प्रकारच्या यंत्रांची जाळी उष्णतेने वा ब्रशने बिघडू शकते; तेथे निर्मात्याची सूचना हीच प्रमाण मानावी. प्रेशर कुकरचा मोह अनेकांस होतो. पण त्यातील सुमारे १२० अंशांचे तपमान सहन करण्याची हमी निर्मात्याने दिली नसेल, तर तो टाळावा.

ज्या भागांना उष्णता चालत नाही, परंतु रसायन चालते, त्यांच्यासाठी दोन पर्याय मान्य आहेत : ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ५ मिनिटे, किंवा ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ३० मिनिटे बुडवून ठेवणे. अधिक तीव्र अल्कोहोल अधिक परिणामकारक असेल हा समज चुकीचा आहे. जंतूंच्या प्रथिनांचे विघटन होण्यास पाण्याचा अंश लागतो. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने ते शेगडीजवळ वापरू नये. औषधांच्या दुकानांत मिळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाटलीवर ‘२० व्हॉल्यूम’ असे लिहिलेले असल्यास त्याचे प्रमाण सुमारे ६ टक्के असते. त्यात तितकेच उकळून गार केलेले पाणी मिसळल्यास अपेक्षित ३ टक्के द्रावण मिळते.

व्हिनेगारचा येथे स्वतंत्र विचार केला पाहिजे. अनेक पत्रकांत अद्यापही त्याची शिफारस आढळते, आणि डॅलसच्या प्रयोगांत ॲसेटिक ॲसिड यशस्वी झाले होते हेही खरे. परंतु तेथील मुख्य शत्रू ग्रॅम-ऋण जंतू होते, व स्यूडोमोनास हा ॲसेटिक ॲसिडला विशेष वश आहे. घरगुती जंतुनाशकांच्या पुढील काळातील परीक्षणांत स्टॅफिलोकॉकस ऑरियससारख्या जंतूंवर व्हिनेगार अपुरे ठरले, आणि सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांसाठी केलेल्या २०१३ च्या अमेरिकन मार्गदर्शनात ते वापरू नये असे सांगितले गेले. एका जंतूवर सिद्ध झालेला उपाय सर्व जंतूंवर लागू करणे हा येथील तर्कदोष होय. तथापि व्हिनेगार अगदीच निरुपयोगी नाही. दख्खनच्या पठारावर विंधनविहिरींच्या जड पाण्याने पेल्यातील बारीक छिद्रावर क्षारांची पुटे चढतात व तुषार मंदावतात. ती पुटे विरघळविण्यास ते उत्तम. अर्थात ही स्वच्छता झाली, जंतुनाशन नव्हे.

विसळण्याचे पाणी

रासायनिक पद्धतीनंतर भाग विसळावे लागतात, आणि नेमक्या येथेच पुष्कळ घरांतील श्रम वाया जातात. जंतुमुक्त केलेला पेला नळाखाली धरला की नळातील जंतू त्यात येतात. पिण्यास योग्य पाणी म्हणजे निर्जंतुक पाणी नव्हे. क्षयेतर मायकोबॅक्टेरिया क्लोरीनला दाद देत नाहीत व नळांच्या आतील थरांत टिकून राहतात. जठरातील आम्लाचा अडथळा पिण्याच्या पाण्यापुढे असतो. श्वसनमार्गात तसा अडथळा नाही. घरगुती जलशुद्धियंत्राच्या टाकीत साठलेले किंवा सीलबंद बाटलीतील पाणीही या कामी निर्जंतुक समजू नये. ५ मिनिटे उकळून, झाकून गार केलेले पाणी हा घरातील सोपा मार्ग. उकळून जंतुनाशन केलेले भाग विसळावे लागत नाहीत, हा उष्ण पद्धतीचा आणखी एक लाभ.

शुष्कीकरण

समजा, जंतुनाशनाने पेल्यातील १०,००० जंतूंपैकी ९९.९ टक्के मेले व केवळ १० उरले. पेला ओलाच डब्यात बंद केला, आणि अनुकूल स्थितीत जंतूंची संख्या दर तासास दुप्पट झाली, तर रात्री दहापासून सकाळी आठपर्यंतच्या दहा तासांत ती १०,२४० होईल. म्हणजे रात्रीचे सर्व श्रम सकाळपर्यंत शून्यवत् झाले. हे गणित उदाहरणादाखल असले, तरी त्यातील तत्त्व निर्विवाद आहे. याउलट कोरड्या पृष्ठभागावर ग्रॅम-ऋण जंतूंची वाढ थांबते व त्यांतील पुष्कळसे नाश पावतात. सबब शुष्कीकरण हा जंतुनाशनाचा उपचार नसून त्याचा अविभाज्य भाग होय.

भाग झटकून, धुतलेल्या स्वच्छ फडक्यावर अथवा कागदी रुमालावर, न्हाणीघरापासून दूर, उघड्या हवेत सुकू द्यावेत. हात पुसण्याच्या टॉवेलाने ते पुसू नयेत. कोकणपट्टीत जुलै-ऑगस्टमध्ये हवा बाष्पाने भारलेली असल्याने रात्रभरातही ते सुकत नाहीत. अशा वेळी पेला नळीला जोडून यंत्र काही मिनिटे रिकामे चालवावे, म्हणजे छिद्रातील पाणी उडून जाते. नळी धुवायची नसते. तिच्यात बाष्प दिसल्यास ती यंत्राला जोडून नुसती हवा सोडावी, आणि आतून डागाळल्यास बदलावी. यंत्राचा सांगाडा विजेपासून अलग करून ओलसर फडक्याने पुसावा. हवेची गाळणी मळकट झाली की नवी घालावी. भाग पूर्ण सुकल्यावरच झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

समारोप

वरील विवेचनाचा निष्कर्ष असा की, धुणे, जंतुनाशन व सुकविणे या तीन क्रिया एकाच साखळीच्या कड्या असून त्यांचा क्रम बदलता येत नाही व एकीची उणीव दुसरीने भरून निघत नाही. महागडे जंतुनाशक आणून पेला ओला ठेवणाऱ्यापेक्षा केवळ पाण्यात उकळून तो नीट सुकविणारा रुग्ण अधिक सुरक्षित असतो.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे संशोधनास पुष्कळ वाव आहे. पावसाळ्यात व उन्हाळ्यात पेला सुकण्यास लागणारा वेळ; निरनिराळ्या घरगुती पाण्यांनी विसळल्यावर बारा तासांनी आढळणारी जंतुसंख्या; मराठी पत्रकातील सूचना वाचून कुटुंबीय प्रत्यक्षात काय करतात — हे प्रश्न साध्या प्रयोगशाळेत व थोड्या खर्चात अभ्यासता येतील. उपलब्ध मार्गदर्शन बहुतांशी थंड व कोरड्या हवेच्या देशांत तयार झाले आहे. ते आपल्या हवेस, आपल्या पाण्यास व आपल्या स्वयंपाकघरास कितपत लागू पडते, हे येथील प्रयोगांनीच ठरवावे लागेल.