डोळ्यातलं इंजेक्शन आणि खोटा रिसेप्टर

हेडफोन विसरलेल्यांसाठी या आठवड्याचा भाग इथे लिहून देतोय.

आपल्या रावेतच्याच एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. वडिलांना बरीच वर्षं शुगर आहे. डोळ्याच्या पडद्याला सूज आली म्हणून डोळ्यात इंजेक्शन सुरू केलं. तीन झाली, नजर सुधारली, आणि आता डॉक्टर चौथं सांगतायत. "दादा, हे खरंच लागतं का, की नुसतं बिल वाढवणं?"

प्रश्न रास्त आहे, इंजेक्शन स्वस्त नसतं. पण उत्तरासाठी आधी बंधाऱ्यावर जाऊ. रावेतच्या बंधाऱ्यावरून पवनेचं पाणी उपसलं जातं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. नवी सोसायटी उभी राहिली आणि पाणी पोहोचलं नाही, की लोक नवी लाइन मागतात. शरीरातही तसंच होतं. ऑक्सिजन कमी पडलेल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रोटीन सोडतात. (डॉक्टर त्याला 'व्हेजएफ' म्हणतात, व्हेज थाळीशी संबंध नाही!) ते जवळच्या रक्तवाहिनीला सांगतं, इकडे फाटा काढ. 1983 मध्ये हॅरोल्ड ड्वोरॅक यांच्या गटाला हे रक्तवाहिन्या गळक्या करणारं प्रोटीन म्हणून सापडलं. 1989 मध्ये जेनेन्टेक कंपनीत नेपोलिओने फेरारा यांच्या गटाने ते वाहिन्या वाढवणारं म्हणून ओळखलं. दोघांचंही बरोबर होतं. काकांच्या डोळ्यातली सूज म्हणजे ही गळतीच.

आता मजा बघा. हा निरोप ऐकायला पेशीवर रिसेप्टर असतात. पेशीबाहेर सात मण्यांची माळ लोंबतेय असं समजा. व्हीईजीएफ मुख्यतः दुसऱ्या आणि तिसऱ्या मण्यावर बसतं. त्याला दोन टोकं असतात, म्हणून ते एकाच वेळी दोन रिसेप्टर धरून जवळ आणतं. ते जवळ आले की पेशीच्या आतली त्यांची शेपटं एकमेकांना चालू करतात.

पण कोण कुणाला धरणार हे ठरलेलं असतं. व्हीईजीएफ-ए एक नंबर आणि दोन नंबर, दोन्ही रिसेप्टरना धरतं. प्लासेंटल ग्रोथ फॅक्टर फक्त एकला. शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडाला खपल्या आणणारा जो रोग, ज्याला शेळीपालक मावा म्हणतात, त्याच्या विषाणूकडेही असंच एक प्रोटीन आहे आणि ते नेमकं दोनलाच धरतं! विषाणू हुशार, कारण वाहिन्या वाढवण्याचं खरं काम दोन नंबर करतो.

मग एक नंबर कशाला? तो व्हीईजीएफ-ए दोनपेक्षा साधारण दहापट घट्ट पकडतो, पण आत निरोप फारच हळू आवाजात देतो. 1995 मध्ये उंदरांवरचे दोन प्रयोग एकदमच छापून आले. दोन नंबर काढलेल्या गर्भात रक्तवाहिन्या तयारच झाल्या नाहीत. एक नंबर काढलेल्यात त्यांच्या पेशी बेसुमार वाढून सगळा गोंधळ झाला. दोन्ही गर्भ मेले. म्हणजे गर्भात घट्ट पकडणारा हा ब्रेक आहे. तो व्हीईजीएफ स्वतःकडे अडवून ठेवतो, दोनपर्यंत कमी पोहोचू देतो. मला तरी हा या सगळ्या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

औषधवाल्यांनी हीच युक्ती उचलली. अफ्लिबरसेप्ट हे औषध म्हणजे एक नंबरचा दुसरा मणी आणि दोन नंबरचा तिसरा मणी, अँटिबॉडीच्या शेपटीला जोडलेले. पेशीला न चिकटलेला, मोकळा फिरणारा खोटा रिसेप्टर. तो व्हीईजीएफ मूळ रिसेप्टरपेक्षाही घट्ट धरतो. अमेरिकेत 2011 मध्ये त्याला डोळ्यासाठी मान्यता मिळाली. रॅनिबिझुमॅब आणि बेव्हासिझुमॅब वेगळ्या वाटेने तेच करतात. त्या अँटिबॉडी आहेत, व्हीईजीएफला चिकटून त्याची रिसेप्टरवर बसायची जागाच झाकतात.

तर मित्रा, चौथं का? औषध हवेत तरंगणारा निरोप पकडतं, निरोप पाठवणाऱ्याची तहान भागवत नाही. शुगरने बारीक वाहिन्या बंद झाल्यात, पडद्याला ऑक्सिजन कमीच आहे, त्यामुळे व्हीईजीएफ बनत राहतं. औषध काही आठवड्यांत डोळ्यातून निघून जातं आणि गळती परत सुरू होऊ शकते. सगळ्यांना सारखीच इंजेक्शनं लागत नाहीत, अंतर पुढे वाढवताही येतं. म्हणून काकांसोबत जाशील तेव्हा डॉक्टरांना सांग, आधीचा आणि आताचा ओसीटी स्कॅन शेजारी ठेवून सूज दाखवा. आणि शुगर-बीपीचे ताजे रिपोर्ट बरोबर ने.