चालून कॅन्सर बरा होतो का?

"चालून कॅन्सर बरा होतो का रे?" होस्टेलवर पैसे गोळा करायला निघालो तेव्हा पहिल्याच खोलीत हा प्रश्न आला. तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख!

बेत साधा होता. माझं घर खारदांड्याला. तिथून कार्टर रोड, वांद्रे, माहीम, दादर करत परळचं टाटा रुग्णालय गाठायचं आणि चालतच परतायचं. जाऊन-येऊन सुमारे २४ किलोमीटर. देणाऱ्याने किलोमीटरमागे ५ रुपये द्यायचे. आम्ही मध्येच बसलो तर तेवढेच! आई म्हणाली, "तुझी आजी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन रोज चालायची, तिला कुणी किलोमीटरचे पैसे दिले नाहीत."

कल्पना आमची नाही. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा उजवा पाय हाडाच्या कॅन्सरमुळे १८व्या वर्षी कापावा लागला. वॉर्डातली आजारी मुलं त्याच्या डोक्यातून जाईनात. १९८० मध्ये कृत्रिम पायावर तो १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. कॅन्सर फुफ्फुसात पसरला म्हणून थांबला आणि १९८१ मध्ये गेला. त्याच्या नावाची दौड पुढे मुंबईतही झाली.

आता मूळ प्रश्न. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरचा जो प्रकार सर्वांत जास्त आढळतो, त्याचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. त्यातला बराच काळ मूल अ‍ॅडमिट नसतं, पण सुरुवातीचे कित्येक महिने रुग्णालयाजवळच राहावं लागतं. गावाकडच्या माणसाने मुंबईत राहायचं कुठे? मजुरी बुडते, भाडं आणि जेवण चालूच. त्यात केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी कमी होतात. फूटपाथवरचा साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. मग पैसे संपले की कुटुंब उपचार अर्धवट टाकून गावी परततं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात. अनेक गरीब देशांत ३० टक्क्यांहून कमी. उशिरा निदान हे एक कारण, अर्धवट सुटलेले उपचार हे दुसरं. म्हणजे स्वच्छ खोली आणि दोन वेळचं जेवण हासुद्धा उपचारच! सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून मुंबईत अशा कुटुंबांची मोफत राहण्याची सोय करते.

आम्ही चौघे पहाटे पाचला निघालो. माहीमलाच माझ्या टाचेला फोड आला. (नवे बूट घालून कधीही निघू नका. मोजे सुती नकोत. घामाने ओले होऊन घासतात.) परळला लंगडत पोचलो. फूटपाथवर चटई टाकून बसलेल्या एका बाबांनी सरकून जागा दिली. शेजारी त्यांचा मुलगा, तोंडाला मास्क. "पाय सोडून बसा," म्हणाले. कुठे राहता, असं मी विचारलं. त्यांनी चटईवर हात ठेवला.

परत येताना चौघांपैकी कुणीही बसचं नाव काढलं नाही.

३१ जणांचे मिळून ३,७२० रुपये जमले आणि सेंट ज्यूडला पाठवले. तेवढ्यात फार काही होत नाही, हे आम्हालाही कळतं. चालून कॅन्सर बरा होत नाहीच. पण उपचार अर्धवट सुटू नयेत, एवढ्यासाठी चालता येतं. पुढची फेरी सबमिशन संपल्यावर. येणार?