दिवे घाटातील एकादशी : तेलापूर्वी तळपाय

श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात पुणे ते सासवड ही वाटचाल विशेष कष्टाची मानली जाते. अंतर सुमारे ३० किलोमीटर, उत्तरार्धात दिवे घाटाची चढण आणि तिथी बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीची, म्हणजेच उपवासाची. अधिक श्रम आणि अल्प आहार यांचा असा योग एकाच दिवशी जुळून येतो. अनेक वर्षे आम्ही या दिवशी सेवाकेंद्रात बसून येणाऱ्या वारकऱ्यांच्या पायांना तेल लावीत असू. दि. १४ जून २०२३ रोजी मात्र दोन वैद्यमित्रांसह एका दिंडीबरोबर आम्ही पायी निघालो. त्या एका दिवसाने आमच्या सेवेतील एक मोठी उणीव आम्हांस दाखवून दिली. ती येथे मोकळेपणाने मांडीत आहोत.

पहाटे पुण्यातून प्रस्थान झाले. मृग नक्षत्र लागूनही त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. हडपसरला येईपर्यंत डांबरी रस्ता तापू लागला होता. येथे जगद्गुरू तुकाराम महाराजांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते आणि माउलींची पालखी सासवडची वाट धरते. टाळमृदंगाच्या गजरात, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या मायमाउल्या झपाझप चालत होत्या. कित्येकींच्या पायांत झिजलेल्या चपला होत्या, तर कित्येकी अनवाणीच होत्या.

विसाव्याच्या ठिकाणी आम्ही तेलाची बाटली उघडताच रांग लागली. त्या रांगेत मराठवाड्यातून आलेल्या, साठी उलटलेल्या एक आजी होत्या. “दुखत न्हाई रे माउली, पाय नुसतं बधिर झाल्यागत वाटत्यात,” असे त्या म्हणाल्या. आम्ही पोटऱ्यांना व पावलांच्या वरच्या बाजूस तेल चोळले. मागे रांग मोठी होती. “झाले आजी, बरे वाटेल,” असे म्हणून आम्ही पुढच्या माणसाकडे वळलो.

दुपारी वडकीजवळ, घाटाच्या पायथ्याशी, त्याच आजी रस्त्याकडेला बसलेल्या दिसल्या. अंगाला दरदरून घाम सुटला होता, हात थरथरत होते. प्रथमदर्शनी उन्हाचा त्रास वाटला. परंतु विचारपूस करता कळले की, त्यांना काही वर्षांपासून मधुमेह आहे. सकाळी नेहमीची गोळी घेतली होती आणि उपवास म्हणून पोटात केवळ चहा व मूठभर शेंगदाणे गेले होते. ग्लुकोमीटरवर आकडा ५८ आला. त्या पूर्ण शुद्धीवर असल्याने लगेच साखरपाणी पाजले. पाऊण तासात घाम व कंप थांबला, आकडाही वर आला. मग त्यांच्या चपलेवरील रक्ताचा डाग आमच्या दृष्टीस पडला. तळपायात काचेचा तुकडा रुतला होता आणि त्याची वेदना त्यांना यत्किंचितही जाणवली नव्हती. ती काच हडपसरला रुतलेली होती की नंतर रुतली, हे सांगता येत नाही. कारण तेव्हा आम्ही तळपाय पाहिलाच नव्हता.

हातापायांची सुप्ती आणि दाह ही चरकाचार्यांनी प्रमेहाच्या पूर्वरूपांत सांगितलेली लक्षणे आपण सर्वांनी पाठ केलेली आहेत. ‘बधिर’ हा शब्द आजींनी स्वतःहून उच्चारला होता. संहितेतील लक्षण रुग्णेच्या तोंडून ऐकूनही आम्ही ते ओळखले नाही, याचे शल्य आजही आहे.

काच काढून, जखम धुऊन पट्टी बांधली आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनासाठी व पुढील तपासणीसाठी त्यांना सरकारी आरोग्य पथकाकडे पाठवावयाचे ठरले. आजी मात्र गाडीत बसेनात. “इतकी वर्सं घाट पायीच चढले. आता नेम मोडू व्हय?” आमचे वैद्यकीय युक्तिवाद तेथे थिटे पडले. शेवटी दिंडीचे वृद्ध विणेकरी पुढे झाले व म्हणाले, “आक्का, या घाटात माउलींच्या रथालासुद्धा जादा बैलजोड्या लावत्यात. तुमी गाडीत बसलात तर कमीपणा कसला?” आजी क्षणभर रथाकडे पाहत राहिल्या आणि मग निमूटपणे गाडीत चढल्या.

सायंकाळी सासवडच्या तळावर चोपदारांनी दंड उंचावला आणि एवढा मोठा समुदाय क्षणात निःशब्द झाला. समाजआरती आटोपल्यावर आम्ही आजींच्या राहुटीत गेलो. पाय उशीवर ठेवून त्या बसल्या होत्या. जखम भरेपर्यंत त्यांनी दिंडीच्या ट्रकमधून यावे, असे ठरले होते. आम्हांस पाहून त्या म्हणाल्या, “सकाळीच बगितला असतास तर घाट चढले असते की रं मी, माउली.” या वाक्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते.

पादाभ्यंगाचे महत्त्व कमी करण्याचा येथे मुळीच हेतू नाही. पायांची रूक्षता, स्तब्धता, श्रम व सुप्ती दूर करणारा म्हणून चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात त्याचा गौरव आहे. तेथेच पादत्राण धारण करण्याचेही गुण वर्णिलेले आहेत. सुश्रुताचार्यांनी फार चालणाऱ्यांच्या रूक्ष पायांत होणारी पाददारी, चालण्याने विशेष वाढणारा पाददाह आणि पाऊल वेडेवाकडे पडल्याने होणारा वातकंटक यांचे स्वतंत्र वर्णन केले आहे. अर्थात चालणाऱ्याचे सगळेच पाय सारखे दुखत नाहीत. भेगेला कोकमतेल, दाहाला शतधौत घृत, ताठरतेला कोमट तिळतेल, हा विवेक पाय पाहिल्यावाचून होणार कसा? आणि संवेदना हरपलेल्या पायावर गरम तेल वा शेक तर भाजण्यासच निमंत्रण ठरतो.

म्हणून वारीत सेवा करणाऱ्या वैद्यबंधूंना नम्र विनंती आहे. तेलाची बाटली उघडण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : साखरेची गोळी किंवा इंजेक्शन चालू आहे काय? आज काय खाल्ले? पाय बधिर वाटतात काय? त्यानंतर बोटांच्या बेचक्यांसह दोन्ही तळपाय उजेडात पाहावेत. आपल्या गावातून वारीस निघणाऱ्या मधुमेही रुग्णांस एकादशीच्या औषधमात्रेविषयी प्रस्थानापूर्वीच मार्गदर्शन करावे.

औषधी दुकानदार व उत्पादक बंधू दरवर्षी उदारपणे तेले देतात. त्यांनी तेलासोबत निर्जंतुक पट्ट्या, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या, साखरेच्या पुड्या आणि शक्य झाल्यास मऊ तळाच्या काही चपला द्याव्यात. बाटल्या लहान व गळती न होणाऱ्या असाव्यात, वापराची मुदत पुरेशी शिल्लक असावी आणि नाव मोठ्या मराठी अक्षरांत असावे.

अशा तपासणीने रांग हळू सरकेल, सेवा घेणाऱ्यांची संख्या कमी भरेल आणि अहवालातील आकडा लहान दिसेल. तो तसा दिसू द्यावा. वारीत पायांवर मस्तक ठेवण्याची रीत आहे. वैद्याने त्या पायांवर आधी दृष्टी ठेवावी, इतकेच आमचे मागणे आहे.