दम्याचा विद्यार्थी व त्याचा पंप



दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरू लागतात, त्या सुमारास आपल्या जिल्ह्यात मक्याची मळणी व कापसाची वेचणी चालू असते आणि पहाटेचा गारठाही वाढतो. धूळ, धूर व गारठा एकत्र आले की वर्गातील एखादे मूल रात्री खोकते, दिवसा पेंगते व खेळाच्या तासाला धाप लागून मध्येच खाली बसते. अशा मुलास आळशी ठरविण्यापूर्वी त्याच्या छातीतून शीळ घातल्यासारखा आवाज येतो काय, हे पाहावे.

दम्यात श्वासनलिकांच्या अस्तरास सूज येते, आत चिकट कफ साठतो आणि नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात. १९६९ साली वापरात आलेले साल्ब्युटामॉल हे औषध या स्नायूंना सैल करते. पंपातून घेतल्यास सुमारे ५ मिनिटांत उतार पडू लागतो व तो ४ ते ६ तास टिकतो.

‘पंपाची सवय लागते, त्यापेक्षा पातळ औषध बरे,’ असे पालक म्हणतात. काही शिक्षकही म्हणतात. येथे थोडे अंकगणित करावे. पंपाच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते. नेहमीच्या पातळ औषधाच्या ५ मिलिलिटरच्या चमच्यात २ मिलिग्रॅम, म्हणजे २० फवाऱ्यांइतके असते! ते पोटातून रक्तात व साऱ्या शरीरात फिरून फुप्फुसांत पोहोचते. पंपाचे औषध थेट जागेवर जाते. हे उदाहरण पालकसभेत फळ्यावर मांडण्याजोगे आहे. पंपाचे व्यसनही लागत नाही.

मात्र हे औषध स्नायू सैल करते, सूज उतरवीत नाही. सूज उतरविणारे औषध निराळे असून ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नियमित घ्यावयाचे असते. केवळ साल्ब्युटामॉलवर भिस्त ठेवू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने २०१९ पासून स्पष्ट केले आहे. म्हणून मुलास आठवड्यातून दोनदांहून अधिक वेळा पंप लागू लागला, तर पालकांना बोलावून सांगावे. ही गोष्ट डॉक्टरांच्या आधी शिक्षकाच्याच ध्यानात येते.

फवारा उडणे व श्वास ओढणे यांचा मेळ लहान मुलास साधत नाही; त्यासाठी मध्ये ‘स्पेसर’ नावाची पोकळ नळी लावतात. तिच्याऐवजी ५०० मिलिलिटरची प्लास्टिकची बाटली नीट बसवून वापरली तरी जवळजवळ तेवढाच गुण येतो, असे केपटाऊन येथील प्रयोगांत आढळले. ते १९९९ साली प्रसिद्ध झाले. बाटली कशी बसवावी, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातील परिचारिकेकडून शिकून घ्यावे.

धाप लागताच मुलास निजवू नये. ताठ, किंचित पुढे झुकवून बसवावे व भोवतालची गर्दी हटवावी. पंप हलवून एक फवारा, मग चार-पाच संथ श्वास, मग दुसरा. फवाऱ्यांची संख्या डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे. उतार न पडल्यास, मुलास पुरते वाक्य बोलवत नसल्यास, बरगड्यांमधील जागा आत ओढली जात असल्यास वा ओठ निळसर दिसल्यास तत्काळ १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा आणि गाडी येईपर्यंत पंप देत राहावे.

शाळाभेटीत एके ठिकाणी असे पाहिले की, पंप मुख्याध्यापकांच्या कपाटात सुरक्षित होता आणि किल्ली मुख्याध्यापकांबरोबर तालुक्याला गेली होती. पंप मुलाच्या दप्तरात किंवा वर्गशिक्षकाच्या टेबलावर असावा. फळा ओल्या फडक्याने पुसावा, अशा मुलास झाडलोटीस लावू नये, पोषण आहाराच्या चुलीच्या धुरापासून त्याची जागा दूर ठेवावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वार्षिक तपासणीस येते. त्याच्या यादीत हा विकार आहे, तेव्हा मुलाचे नाव आपणहून पुढे करावे. पुढील तपासणीसाठी शहरात घाटी रुग्णालय आहेच.

पंप घेतल्यावर थोडा वेळ हात कापतात व छाती धडधडते. त्याने घाबरू नये. त्या तासाचे शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी घ्यावे.