डबा चालू, फोल्डर गायब

घरातल्या नॅसबद्दलची, म्हणजे फाइली साठवून नेटवर्कवरून देणाऱ्या डब्याबद्दलची, तक्रार वीस वर्षांत फारशी बदललेली नाही. डब्यावरचे दिवे लुकलुकतायत, पंखा फिरतोय, डिस्क ठणठणीत आहे, आणि कॉम्प्युटर मात्र म्हणतो की असा पत्ताच सापडत नाही. विंडोजमध्ये या नकाराला ठरलेला क्रमांक आहे, ८००७००३५. व्हिस्टाच्या काळात हाच आकडा यायचा, विंडोज ११वरही हाच येतो. मधल्या काळात त्यामागची कारणं मात्र कितीदा तरी पालटली. त्यामुळे ‘मागच्या वेळी जे केलं होतं तेच करून बघू’ हा आपला लाडका उपाय दर दोन-चार वर्षांनी शिळा होत गेला.

नातेवाईक आणि ओळखीपाळखीत ‘याला कॉम्प्युटरमधलं कळतं’ असा शिक्का एकदा बसला की असे डबे आपोआप वाट्याला येतात. त्यांच्याकडे मागे वळून बघताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. डिस्क खरोखर मेल्याची उदाहरणं कमी. बहुतेक वेळा बिघडला होता तो दोन यंत्रांमधला समझोता. कॉम्प्युटर दर महिन्याला अपडेट होत पुढे सरकायचा आणि डबा कंपनीनं शेवटचं फर्मवेअर दिलं त्या तारखेलाच थांबलेला असायचा. घरच्यांचा संशय मात्र डब्यावर, किंवा ज्यानं त्याला शेवटचा हात लावला त्याच्यावर.

हा समझोता म्हणजे एसएमबी. नेटवर्कवरून फाइल मागण्याची आणि देण्याची ही रीत आयबीएममध्ये बॅरी फायगनबॉम यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बांधली आणि पुढे मायक्रोसॉफ्टनं ती आपलीशी केली. घरगुती नॅसमध्ये मात्र विंडोज नसतं, बहुतेक वेळा लिनक्स असतं आणि त्यावर एसएमबीची बोली बोलणारं सांबा हे सॉफ्टवेअर. कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२च्या सुमारास तारेवरून जाणारे संदेश टिपून, त्यांचा अर्थ लावत ते लिहायला घेतलं. पुढची कित्येक वर्षं सांबाचं काम असंच ऐकीव ज्ञानावर चाललं. युरोपियन कमिशननं मार्च २००४मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९ कोटी ७० लाख युरोंचा दंड ठोठावला आणि सर्व्हरची बोली प्रतिस्पर्ध्यांना उघड करायला सांगितलं. सप्टेंबर २००७मध्ये न्यायालयानं तो निकाल उचलून धरला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सांबाच्या मंडळींना अधिकृत कागदपत्रं मिळण्याचा करार झाला. म्हणजे त्याआधी विकल्या गेलेल्या प्रत्येक स्वस्त डब्यात चोरून ऐकून शिकलेली बोली होती. ती इतकी चालली याचंच मला आश्चर्य वाटतं.

२००४ साली लिंक्सिसचा एनएसएलयू-२ आला. पुस्तकाएवढाही नसलेला डबा, ३२ मेगाबाइट मेमरी, मागे दोन यूएसबी खाचा. त्यात आपलीच डिस्क खोचायची. त्या काळातली विंडोजची नेटवर्कवरची यंत्रं दाखवणारी खिडकी ज्यांनी वापरलीय त्यांना आठवेल, त्यातली यादी कधीच खरी नसायची. नेटवर्कवरची यंत्रं आपसांत निवडणूक घेऊन एकाला यादी सांभाळायचं काम द्यायची. तो कॉम्प्युटर कुणी बंद केला की यादी बेवारस. बंद झालेली यंत्रं बराच वेळ त्यात दिसत राहायची आणि नुकतं चालू झालेलं यंत्र दिसायचं नाही. त्यात आपल्याकडे भारनियमन. वीज आली की घरातलं सगळं एकदम चालू होणार, निवडणूक नव्यानं होणार आणि सावकाश उठणारा डबा तिला उशिरा पोचणार. नाव १५ अक्षरांपेक्षा मोठं दिलं असेल तर आणखी घोळ. त्या दिवसांतला खरा उपाय एकच होता: यादीचा नाद सोडायचा आणि पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन थेट डब्याचा आयपी टाकायचा. इतकी वर्षं टिकलेला हा एकमेव उपाय. आयपीनं उघडलं आणि नावानं नाही, तर डबा निर्दोष.

२००७ साली व्हिस्टा आली आणि पासवर्ड बरोबर असूनही नाकारला जाऊ लागला. पासवर्ड सिद्ध करण्याची जुनी, कच्ची पद्धत व्हिस्टानं वापरायची सोडली होती आणि जुन्या सांबाला नवी येत नव्हती. लोक पासवर्ड बदलून बघायचे, कॅप्स लॉक तपासायचे, शेवटी डबाच फॅक्टरी रिसेट करायचे. उत्तर रजिस्ट्रीतल्या एका आकड्यात होतं. व्हिस्टाच्या होम आवृत्तीत त्यासाठीची सोपी खिडकीसुद्धा दिलेली नव्हती.

मॅकवाल्यांची पाळी २०११च्या जुलैत आली. लायन आवृत्तीनं ॲपलच्या एएफपी या रीतीतल्या जुन्या पासवर्ड-पद्धती बंद केल्या आणि टाइम मशीनचे बॅकअप अनेक नॅसवर रातोरात थांबले. डब्यांच्या कंपन्यांनी नवं फर्मवेअर दिलं तिथे निभावलं. ज्यांनी दिलं नाही त्यांच्या डब्यांवर टाइम मशीन अडलेलंच राहिलं. विंडोज ७मध्ये २००९ साली आलेल्या होमग्रुप या घरातल्या कॉम्प्युटरांत फाइली वाटून घ्यायच्या सोयीबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. नॅसला त्यात प्रवेशच नव्हता आणि २०१८मध्ये तो गेला तेव्हा कुणाला चुकचुकल्यासारखंही झालं नाही.

घरोघरी फायबर आलं तेव्हाचा एक बिघाड मात्र एसएमबीशी संबंधच नसलेला. इंटरनेटवाला आपला राउटर लावून जायचा आणि जुना राउटर त्याच्या मागे तसाच जोडलेला राहायचा. डबा १९२.१६८.०च्या वस्तीत, लॅपटॉप १९२.१६८.१च्या. दोघांनाही इंटरनेट झकास, एकमेकांची गाठ नाही. शिवाय नवं वायफाय दिसलं की विंडोज विचारायचं, हे नेटवर्क सार्वजनिक की खासगी? घाईत ‘सार्वजनिक’वर बोट पडलं की कॉम्प्युटर आजूबाजूच्या यंत्रांना शोधणंच थांबवायचा. आणि घरातल्या एखाद्या हुशारानं लॅपटॉप ‘गेस्ट’ वायफायला जोडलेला असेल तर तिथे घरातली यंत्रं मुद्दामच झाकलेली असतात.

या सगळ्या इतिहासाचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन भाग करायचे तर रेघ २०१७ सालावर ओढावी लागते. मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चला एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतलं एक भगदाड बुजवणारं अपडेट दिलं. १२ मेच्या शुक्रवारी वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस पसरला, तो ज्यांनी ते अपडेट घेतलं नव्हतं त्यांच्यातून. ब्रिटनमधल्या रुग्णालयांची कामं अडली. जूनच्या अखेरीस त्याच भगदाडाचा वापर करणारा नॉटपेट्या आला आणि त्यानं मेर्स्क या जहाज कंपनीला गाठलं. तेव्हा आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं तिच्या गटाचं टर्मिनलही ठप्प झालं. मेमध्येच सांबातही एक गंभीर भोक सापडलं होतं, २०१०पासूनच्या आवृत्त्यांत असलेलं. नॅसच्या कंपन्यांची धावपळ उडाली ती त्यामुळे.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं पहिल्या आवृत्तीचा निकालच लावायचं ठरवलं. ऑक्टोबर २०१७च्या विंडोज १०मध्ये होम आणि प्रो आवृत्त्यांसाठी एक युक्ती होती: जुन्या एसएमबीचा भाग राहील, पण यंत्र चालू असलेल्या काळात १५ दिवस तो वापरला गेला नाही तर आपोआप निघून जाईल. सुरक्षेच्या दृष्टीनं अगदी शहाणपणाचं. ज्याच्या घरी जुना डबा आहे त्याच्यासाठी मात्र भुताटकी. माझ्या ओळखीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरचा फोन आला होता तो असाच.

“दादा, काल-परवापर्यंत चालत होतं हो. कुणी हातसुद्धा लावला नाही.”

“मधे डब्याचा वापर झाला होता का?”

“नाही ना. अल्बमचं काम होतं, सगळं या मशीनवरच चाललं होतं. आज जुनं लग्न काढायला गेलो तर म्हणतो, सापडत नाही.”

कुणी हात लावला नाही, हेच कारण होतं. शेजारच्या टेबलावरचा जुना विंडोज ७ तोच डबा सुखानं उघडत होता. त्यामुळे नव्या मशीनमध्येच खोट आहे असं सगळ्या स्टुडिओचं मत झालेलं.

इथे दोन वाटा फुटत होत्या. डब्यात सांबा ३.६ किंवा पुढची आवृत्ती असेल, म्हणजे २०११नंतरची, तर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एसएमबी २ चालू करायचं. पुष्कळ डब्यांत ती सोय होती आणि बंद ठेवलेली होती. आवृत्ती त्याहून जुनी असेल तर फाइली बाहेर काढून डबा निवृत्त करणं हाच प्रामाणिक मार्ग. पण सगळीकडे लोकप्रिय झाला तो तिसरा: विंडोज फीचर्समध्ये जाऊन ‘एसएमबी १.०’समोर परत टिक करायची. दोन मिनिटांत काम होतं, गिऱ्हाईक खूश. वॉनाक्राय ज्या दारातून आला तेच दार त्यासाठी पुन्हा किलकिलं केलंय, हे कुणी सांगत नसे. मला तो उपाय तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही. फाइली बाहेर काढण्यापुरता, तासा-दोन तासांसाठी तो करावा आणि टिक काढून टाकावी, इतपतच ठीक.

एसएमबी १ गेलं तशी ती निवडणुकीची यादीही गेली, कारण ती त्याच्याच आधारानं चालायची. ‘नेटवर्क’ची खिडकी रिकामी दिसू लागली. आयपीनं डबा उघडायचा, खिडकीत नसायचा. विंडोज आता डब्ल्यूएस-डिस्कव्हरी या दुसऱ्या रीतीनं यंत्रं शोधतं आणि सांबाला ती मुळातून येत नाही. नॅसच्या कंपन्यांनी ती आपापल्या फर्मवेअरमध्ये वेगळी घातली, कुणी लवकर, कुणी सावकाश.

मग पासवर्डांचे घोळ. आपण कॉम्प्युटर उघडताना चार आकडी पिन टाकतो. तोच आकडा डब्याला दिला तर तो ओळखणार नाही, पिन त्या एका यंत्रापुरताच असतो. डब्याचा पासवर्ड बदलला तरी विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जुना जपून ठेवलेला असतो आणि विंडोज गुपचूप तोच देत राहतं. एकाच डब्यावर एक फोल्डर आईच्या नावानं आणि दुसरा मुलाच्या नावानं उघडायला गेलं की १२१९ क्रमांकाची चूक येते, एका यंत्रावरून एका सर्व्हरला एकच नाव चालतं म्हणून. त्यावरची पळवाट मजेशीर आहे. एकदा नावानं आणि एकदा आयपीनं जोडायचं, विंडोजला ते दोन वेगळे सर्व्हर वाटतात.

या सगळ्याच्या तळाशी एक घरगुती सवय होती, पासवर्डच न ठेवण्याची. ‘घरातलीच तर माणसं’ म्हणून फोल्डर पाहुण्यांसाठी, म्हणजे गेस्ट म्हणून, सताड उघडा. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीनं तीच सवय मोडली. प्रो आवृत्तीत दोन गोष्टी एकदम झाल्या. प्रत्येक संदेशावर सही सक्तीची झाली आणि पासवर्डाविना गेस्ट म्हणून शिरणं बंद झालं. यातली पहिली गोष्ट झाली की दुसरी आपसूकच होते. सहीची किल्ली पासवर्डावरूनच तयार होते. ज्याला पासवर्डच नाही त्यानं सही करायची कशानं? ही सक्ती सैल करायच्या आज्ञा इंटरनेटवर ढिगानं सापडतात. डब्यावर प्रत्येकाचं खातं काढून पासवर्ड ठेवणं त्यापेक्षा सोपं आहे, फक्त घरच्यांना समजवायला वेळ लागतो. वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक लाइव्ह या डब्यांचं २०२१च्या जूनमध्ये काय झालं ते त्यांना सांगावं. २०१५नंतर अपडेट न मिळालेले, इंटरनेटला जोडून ठेवलेले ते डबे दूरवरून कुणीतरी रिसेट केले आणि लोकांची वर्षानुवर्षांची साठवण पुसली गेली.

एक बिघाड मात्र या कुठल्याच कालखंडात बसत नाही, आणि तो मराठीत नावं देणाऱ्यांच्याच वाट्याला जास्त येतो. त्याच फोटोग्राफरनं नवा डबा घेतला, सुरक्षेसाठी गिऱ्हाइकांचा फोल्डर एन्क्रिप्ट केला आणि जुनी लग्नं त्यात ओतायला लागला. काही फोल्डर गेले, काही अडले. अडलेल्यांपैकी एकाचं नाव होतं ‘साखरपुडा आणि हळदी समारंभ दुसऱ्या दिवसाचे निवडक फोटो अंतिम’. विंडोज नावाची लांबी चिन्हांत मोजतं आणि २५५पर्यंत जाऊ देतं. लिनक्स २५५ बाइट मोजतं आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा-हलन्त धरून, तीन बाइटांचं. पडद्यावर चार अक्षरांचा दिसणारा ‘कार्यक्रम’ २७ बाइट खातो. त्या एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरची मर्यादा तर १४३ बाइटांचीच होती आणि वरचं नाव भरतं १५५. शेवटचा ‘अंतिम’ काढला असता तर गेलं असतं. पण अंतिम काढायला कोण तयार होतो! पुढे ‘अंतिम २’ही होताच.

दुसरी भानगड ‘ऱ’ची. ‘दुसऱ्या’मधला हा ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एक सबंध चिन्ह म्हणून किंवा र आणि खालचा नुक्ता असा फोडून. जुन्या मॅकच्या एचएफएस प्लस डिस्का नावं फोडून साठवायच्या. तिथून आरसिंक या कॉपी करण्याच्या आज्ञेनं नॅसवर आलेले फोल्डर फोडलेल्या नावांचे, आणि विंडोजवर मराठी कीबोर्डनं केलेले फोल्डर सबंध नावांचे. दिसायला जुळे, डब्याच्या लेखी वेगळे. शोधायला गेलं तर ‘दुसऱ्या’ टाइप करून समोर असलेला फोल्डर सापडत नाही. लिनक्सवर कन्व्हएमव्ही नावाची छोटी आज्ञा आहे, ती फोडलेली नावं एका फटक्यात सबंध करते. चालवण्याआधी मात्र जुळी नावं शोधून कुठल्या फोल्डरात कोणते फोटो आहेत ते उघडून बघावं लागतं, कारण त्या नावाचा दुसरा फोल्डर आधीच असेल तर ती तिथेच अडते.