पडद्यावरची धूळ

आजच्या ऑस्ट्रेलियांतील नॉर्दर्न टेरिटरी प्रांतांत एल्सी नांवाचें गुरें पाळण्याचें एक विस्तीर्ण ठाणें आहे. तेथें १९०२ सालीं जीनी गन ही नवविवाहिता मेलबर्नहून आली. १९०३ च्या मार्चांत तिचा पति निवर्तला. तिनें १९०८ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकावरून १९८२ मध्यें ‘वुई ऑफ द नेव्हर नेव्हर’ हा चित्रपट निघाला. त्यासाठीं उभारलेली घराची प्रतिकृति मातारांका येथें राखली गेली. घर उन्हापावसांत उभें राहूं शकतें, वस्त्रें नाहीं.

अशा चित्रपटांतील झगे, सदरे, टोप्या संग्रहालयांत येतात तेव्हां पहिला प्रश्न उठतो तो धुण्याचा. मळलेलें वस्त्र गृहिणी धोब्याकडे टाकते. संग्रहालयाचा रक्षक मात्र हात आखडता घेतो. कारण हा मळ बहुधा मुद्दाम केलेला असतो! नवें कापड वारंवार धुवावें, तारेच्या कुंच्यानें घासावें, कोपरांवर व गुडघ्यांवर रंग फांसावा, तेव्हां कोठें तें वर्षानुवर्षें राबलेल्या गुराख्याच्या अंगावरचें दिसतें. ती धूळ झटकली कीं वेशकाराची कारागिरीच गेली. उलट नटाच्या घामाचे डाग अगदीं खरे असतात, आणि घाम धागा कुजवितो. कोणता डाग राखावा व कोणता काढावा, हें चित्रपट पुनः पाहून, वस्त्राशीं ताडून ठरवावें लागतें. त्यांतून एकाच वेषाचे दोनतीन जोड शिवलेले असतात, एक कोरा, एक फाटका. म्हणजे घोटाळा अधिकच.

उडालेला रंग तर परत येतच नाहीं. म्हणून दालनांत सुमारें ५० लक्सहून अधिक उजेड पडूं देत नाहींत. प्रेक्षक अंधाराबद्दल कुरकुरतात, तें साहजिकच. कांहीं महिन्यांनीं तीं वस्त्रें आम्लरहित कागदांत गुंडाळून पेटींत ठेवतात.